थंडी कुणाकडं सोडायची

बैलाच्या शिंगांवरून दव ठिबकताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू फुटलं. नुकतं उजाडत होतं. कवठमाळच्या वरच्या वस्तीत, गौराक्काच्या अंगणात, तिचा सर्जा उघड्यावर बांधलेला होता. पांढऱ्याफेक शिंगांच्या टोकांवरून त्याच्या पुढ्यातल्या पाटीत टिपटिप पाणी पडत होतं. सर्जाला त्याचं काही नव्हतं. तो आपला कडबा खात होता.

"बघ कांचे," गौराक्का म्हणाली, "तुझ्या विद्यापीठाच्या रंगानं माझा बैल घामाघूम झालाय."

"अक्का, रंग छपरासाठी दिला होता. शिंगांना लावायला कुणी सांगितलं?"

"बेंदूर व्हता, घरात रंग व्हता. मग शिंगं काय तशीच ठिवायची?"

मी चहा संपवला.

मी कांचन. आमच्या विद्यापीठात विस्तार विभागात आहे. प्रयोगशाळेत जे सापडेल ते गावात पोचवायचं आणि गाव जे म्हणेल ते परत येऊन सांगायचं, असं आमचं काम. पहिलं काम सगळ्यांना आवडतं. दुसऱ्यासाठी कुणाला वेळ नसतो, म्हणून आमच्या विभागाची खोली जिन्याखाली आहे. कवठमाळ माझं माहेरही. वरती उघडा माळ, तिथे वरची वस्ती. डोंगराच्या उजव्या अंगाला खोलगट भागात खालची वस्ती, तिथे माझा थोरला भाऊ संपतदादा, त्याच्या द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. डोंगराच्या डाव्या अंगाला दुसरा खोलगा, त्यात आमचं विद्यापीठ. मध्ये एक बुटकी खिंड.

दोन हजार एक्केचाळीस सालचा उन्हाळा ज्यानं वरच्या वस्तीत काढला, त्याला रंगाचं महत्त्व सांगावं लागत नाही. माळावर झाड नाही, घरं पत्र्याची, आणि पारा अठ्ठेचाळीसवर जाऊन बसलेला. गौराक्काचा नवरा दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्या वर्षी आमच्या कुलगुरू मॅडमनी सगळ्या विभागांना एकच प्रश्न केला: खिंडीपलीकडे माणसं उकाड्यानं मरताहेत, मग आपण इथे बसून करतो काय? बाकीच्यांनी चर्चासत्र घेतलं, जेवणासकट. पदार्थविज्ञानाच्या मुथा सरांनी रंग केला.

मुथा सर माझे शिक्षक. माणूस असा की वर्गात शिरताना दार ढकलायचं की ओढायचं हे त्यांना रोज नव्यानं शिकावं लागे, पण दिवेलागण झाली की कुठला तारा कुठे आहे ते डोळे मिटून सांगत. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, खिंडीच्या पायथ्याशी, त्यांची लहानशी वेधशाळा होती. मृग नक्षत्रात काक्षी नावाचा एक तांबडा तारा आहे. त्याचं तेज कमीजास्त होतं, आणि कधीतरी तो फुटणार आहे. उद्या फुटेल, नाहीतर लाख वर्षांनी. सर वीस-एक वर्षं हिवाळाभर, रोज, त्याच जागेवरून, त्याच दुर्बिणीतून त्याचं तेज मोजत होते. "मध्ये खंड पडला की मोजणीचा अर्थ जातो," असं म्हणत. लग्न केलं नव्हतं. आम्ही मुली हसायचो, सर काक्षीला दिलेत म्हणून.

रंग त्यांनी मला असा समजावला. प्रत्येक वस्तू आपली उष्णता बाहेर टाकत असते, दिसत नाही एवढंच. ती बहुतेक सगळी हवा झेलते आणि परत आपल्याच अंगावर टाकते. पण या उष्णतेच्या किरणांत एक पट्टा असा आहे की तो हवेला अडवता येत नाही. तो आभाळ पार करून थेट अवकाशात निघून जातो, आणि अवकाश म्हणजे नुसता गारठा. सरांचा रंग ऊन जवळजवळ सगळं परतवायचा आणि स्वतःची उष्णता नेमकी त्या पट्ट्यातून वर सोडून द्यायचा. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडलेले होते, त्यामुळे खालची ऊब वर चढत नसे. भर दुपारी रंगवलेल्या पत्र्यावर हात ठेवला तर गार लागायचा.

"घराला आभाळाकडे एक खिडकी काढली, बाकी काही नाही," सर म्हणाले.

एक कंपनी रंग विकत घ्यायला आली होती. सरांनी आणि मॅडमनी तिला चहा पाजून परत पाठवलं आणि रंगाची कृती गावाला फुकट देऊन टाकली. चुनखडीची भुकटी, एक साधा डिंक आणि घुसळायची पद्धत. वरच्या वस्तीच्या बायकांनी बचत गटात रंग करायला घेतला. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत एकही माणूस दगावलं नाही. मी त्या घरांत दुपारी झोपून आलेय, पत्र्याखाली, अंगावर गोधडी घेऊन.

पण आपल्याकडे दसऱ्याच्या साफसफाईला हातात रंगाचा डबा आला की माणूस छपरावर थोडाच थांबतो? छपरं झाली. मग भिंती झाल्या, तुळशीवृंदावनं झाली, म्हसोबा झाला, पाण्याच्या टाक्या झाल्या. मग गौराक्काच्या डोक्यात आलं की वस्तीमागचा खडक रंगवावा. खडक म्हणजे केवढा, चार-पाच एकरांचा उताणा, सपाट कातळ. वस्तीच्या बायका पिढ्यानपिढ्या त्यावर कुरडया-पापड वाळवत आलेल्या. रंगवला की धूळ लागायची नाही, कुरडई पांढरी होईल, असा अक्काचा हिशोब. सगळ्या बायकांनी मिळून दसरा ते दिवाळी खडक रंगवला. मला कळलं तेव्हा तो संपूर्ण पांढरा झाला होता.

कुरडया अर्थातच वाळल्या नाहीत. खडक गार. दुपारी घातलेली कुरडई संध्याकाळी तशीच ओली, आणि सकाळी बघावं तर पाण्यात पोहते. अक्का मला म्हणाली, "शिकलेल्या माणसांचा रंग, अन् त्याला वाळवण कळंना."

पण एका सकाळी खडकावर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. सगळा कातळ दवानं भिजून चमकत होता. थेंबाला थेंब मिळून बारीक ओहोळ झाले होते, ते उतारानं सावकाश खाली येत होते आणि काठाशी पाण्याचा अगदी हलका आवाज होता. आभाळ निरभ्र, पाऊस नाही, ढग नाही, आणि माळावर पाणी वाहत होतं. बायका अनवाणी त्यातून चालत होत्या. मीही चपला काढल्या आणि पाणी पायांवरून जाऊ दिलं. मला वाटलं, आपण झोपेत आहोत.

त्या बायकांनी काठाला चर खोदून ते पाणी टाक्यात सोडलं. त्या हिवाळ्यात टाकं भरलं आणि उन्हाळ्यात टँकर आला नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला हे सुचलं नसतं. मला कुरडई येत नाही."

इथवर सगळं गोड होतं.

आमच्या घरी एक रीत आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षाचे घड औषधात बुडवून जाळ्यांवर पसरतात, वाऱ्यावर दोन-तीन आठवडे वाळू देतात, मग जाळ्या हलवतात आणि बेदाणे खाली पडतात. पहिल्या जाळीची पहिली ओंजळ बहिणीची. माझ्या आजोबांनी त्यांच्या बहिणीला दिली, वडिलांनी आत्याला, आणि दादा मला देत आला. मी कुठेही असले तरी तो यायचा. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये शिपायाकरवी बोलावून माझ्या हातात ओतून गेला होता. खडक रंगवला त्या वर्षी ओंजळ आली नाही.

मी शेडवर गेले. शालनवहिनी जाळीखाली बसून बेदाणे निवडत होती. सोनेरी निघायचे ते काळपट निघाले होते, चिकट, काहींवर बुरशी.

"सकाळी उठावं तर शेडभर धुकं," वहिनी म्हणाली. "वीस वर्षांत असलं बघितलं न्हाई. बागंत पानांवर दावण्या रोग, शेडात बुरशी. माल आंबलाय सगळा."

दादा माझ्याकडे पाठ करून जाळीचे दोर सोडत होता. लहानपणी मी पडले तरी ओरडणारा, नाही पडले तरी ओरडणारा माझा भाऊ, वळूनही बघेना. मी निघाले तेव्हा म्हणाला, "त्यो खडक खरवडून काढा. न्हाईतर मी शेड मोडतो. शालनचा भाऊ विजापुरास बोलावतोय, जातो आमी."

"दादा, वरच्या लोकांचं पाणी आहे ते."

"मग त्यांच्याकडंच जात जा माहेरपणाला."

मला राग आला. खरं तर मी घाबरले होते, पण मला आधी रागच येतो. मी ताडताड चालत गाडीत बसले आणि खिंड ओलांडेपर्यंत रडले. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणजे तोच. तो विजापूरला गेला की मला त्या डोंगरापलीकडे कुणी उरणार नव्हतं.

सर ऐकून दोन दिवस वेधशाळेतून बाहेर आले नाहीत. मग म्हणाले, "संध्याकाळी धूर करू या. म्हणजे सगळ्यांना दिसेल."

पांढऱ्या खडकाच्या काठावर आम्ही ओला पाचोळा आणि गोवऱ्या पेटवल्या. वरची वस्ती आणि खालची वस्ती दोन्हीकडची माणसं जमली होती, एकमेकांकडे न बघता. दिवस मावळला, वारा पडला. धूर आधी सरळ वर गेला. मग अंधारू लागताच तो वाकला, जमिनीवर आडवा झाला आणि खडकावरून सावकाश वाहायला लागला. पुरुषभरही उंच नाही, पण अखंड. दगडाला वळसा घालत, वाटेतल्या खळग्यात थांबून तो भरत, भरला की पुढे निघत, तो उजव्या बाजूनं उतरला आणि खाली जाऊन दादाच्या शेडभोवती साचून राहिला. फक्त छप्पर तेवढं वर दिसत होतं.

"गार हवा जड असते," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ती पाण्यासारखी उतार शोधते. खडक रोज संध्याकाळी ती तयार करतो. खाली तुमच्या शेततळ्यांची वाफ असते, तिला गारठा भेटला की धुकं. धुकं खडकाचंच आहे. संपतराव खोटं बोलत नाहीत."

दादानं पहिल्यांदा मान वर केली.

मग सरांनी खिंडीपाशी माणसं उभी केली. जुन्या शेडची हिरवी जाळी आणि ताडपत्र्या खांबांना बांधून उजव्या उतारावर पुरुषभर उंचीची आडभिंत केली. धूर तिथवर आला, थांबला, चढत गेला आणि हळूच डावीकडे वळून खिंडीतून पलीकडे निघाला. कुणीतरी म्हणालं, "अरं, पाट फिरवल्यागत फिरला की." सगळे त्याच्या मागोमाग खिंडीपर्यंत चालत गेले. धूर पलीकडच्या उतारावर पसरला, खाली विद्यापीठाच्या मागे गेला आणि वेधशाळेच्या घुमटाला चहूकडून वेढून बसला. घुमट दिसेनासा झाला.

सर खिंडीत उभे राहून ते बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं. तिथेही विद्यापीठाच्या तळ्याची वाफ होती; धुकं साचलं तर हिवाळाभर दुर्बिणीला दव धरणार आणि काक्षी दिसणार नाही. त्यांना ते कळलं होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. कुलगुरू मॅडमचा फोन येऊन गेला होता. म्हणाल्या, "तुम्ही तिथल्या आहात. जो शब्द द्याल तो विद्यापीठाचा." वरची वस्ती म्हणे, खडकाला हात लावू देणार नाही. गौराक्का उठली, गेलेल्या नवऱ्याचं नाव तेवढं घेऊन परत खाली बसली. खालची वस्ती म्हणे, खरवडा. एकानं विचारलं, थंडी डावीकडं सोडली तर? दुसरा म्हणाला, तिकडं विद्यापीठ हाय, ते कशाला घेत्यात? मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दादाचीही.

सर माझ्या शेजारी बसले होते, इतके जवळ की त्यांच्या सदऱ्याला अजून धुराचा वास येत होता. त्यांना विचारायला हवं होतं. एक मिनिट बाजूला घेतलं असतं तरी चाललं असतं. पण मला भीती वाटली की ते नाही म्हणतील, आणि त्याहून जास्त भीती वाटली की ते हो म्हणतील आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल.

"थंडी विद्यापीठाकडं सोडा," मी म्हणाले. "रंग आमचा, त्याचं धुकंही आमचं."

मग गौराक्का म्हणाली, "लिहून घ्या रं," आणि ग्रामसेवक लिहायला बसला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सर खिडकीबाहेर बघत बसले. विद्यापीठाचं फाटक आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "कांचन, तू बरोबर केलंस. पण मला विचारायचं होतंस." मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं आणि उतरून गेले. विभागाचं दार ओढायचं होतं, त्यांनी दोनदा ढकललं.

उन्हाळ्यात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि दोन्ही वस्त्यांनी मिळून खिंडीशी, उजव्या उतारावर, आडव्या बांधासारखी दगडी ताल घातली, तिच्यावर शेवरी आणि घायपात लावलं. वनस्पतीशास्त्रवाले आले, भूगोलवाले आले, जेवणासकट चर्चासत्रवालेही खोरं घेऊन आले. दुसऱ्या गावांना रंग नेताना आता आम्ही आधी धूर करतो, मग डबा उघडतो. हा नियम सरांनीच घालून दिला, लेखी, चार ओळींत. माझ्याशी मात्र ते कामापुरतं बोलत. मी वेधशाळेवरून जायचं टाळू लागले, जिन्याखालची खोली बरी वाटू लागली.

मग हिवाळा आला आणि धुकं आमच्याकडे राहायला आलं.

सकाळी विद्यापीठ नाहीसं व्हायचं. ग्रंथालयाच्या पायऱ्या दिसायच्या, ग्रंथालय नाही. मुलं एकमेकांना हाका मारत वर्गात जायची, प्राध्यापक भलत्याच वर्गात शिरून शिकवून यायचे. पहिला तास उशिरा ठेवावा लागला. झाडांच्या पानांवरून दिवसभर थेंब पडायचे आणि सगळं बोलणं हळू आवाजात व्हायचं, का कोण जाणे. मला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून वाईट वाटायचं. सर रोज दिवेलागणीला वेधशाळेत जाऊन बसत. त्यांनी दुर्बिणीवर झाकण घातलं होतं, तरी जात.

फाल्गुनात एका सकाळी धुक्यातून दिवे लावलेला टेम्पो आमच्या जिन्यापाशी येऊन थांबला. दादा उतरला. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्यानं फडकं सोडलं. बेदाणे होते, लांबट, सोनेरी, दोन वर्षांपूर्वी होते त्याहूनही चांगले. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"थांब," दादा म्हणाला. "तुजे मास्तर कुठं बसत्यात?"

मी तशीच रिकामी ओंजळ घेऊन त्याच्यापुढे चालू लागले. वेधशाळेच्या घुमटावरून पाणी निथळत होतं. सर आत जुन्या धोतराच्या फडक्यानं दुर्बिणीचं झाकण पुसत होते. पुसलं की परत ओलं होत होतं, ते परत पुसत होते. दादानं दाराशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि गाठोडं त्यांच्यापुढे धरलं.

"पहिल्या जाळीची हाय," तो म्हणाला. "हात करा."

सर गोंधळले. "पहिली ओंजळ बहिणीची असते ना? कांचननं सांगितलंय मला."

"व्हय, तिचीच हाय," दादा म्हणाला. "पर तिनं तुमचं आभाळ तुमास्नी न इचारता आमाला दिलं. आता तिची ओंजळ मी तिला न इचारता तुमास्नी देतोय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून हात पुढे धरून उभी होते. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, ओले हात सदऱ्याला पुसले आणि ओंजळ केली. दादानं ती काठोकाठ भरली. सरांनी वाकून तोंडानंच एक बेदाणा उचलला, सावकाश चावला, आणि वर्षभरात पहिल्यांदा हसले.

"फार गोड आहे," ते म्हणाले. "कांचन, एक घे."